ताडी, परमिट आणि पहिला प्याला : वसईच्या किनाऱ्यावरील एक सांस्कृतिक स्थित्यंतर

१

अमेरिकेतील समाजशास्त्रीय आणि आरोग्यविषयक संशोधनात गेल्या काही दशकांत एक प्रश्न सातत्याने विचारला गेला आहे. मेक्सिको, पोर्तो रिको, क्यूबा अशा स्पॅनिशभाषक मुलखांशी नाते सांगणाऱ्या कुटुंबांतील मुले-मुली महाविद्यालयात दाखल झाली, की त्यांच्या मद्यपानात कोणता फरक पडतो? घरची भाषा, घरचा देव, घरचे सणवार मागे ठेवून ती बहुसंख्याकांच्या चालीरीती आत्मसात करतात, तेव्हा पिण्याच्या सवयी बदलतात का, आणि बदलत असतील तर त्या धोक्याच्या दिशेने बदलतात का?

या प्रश्नाची मुळे बरीच जुनी आहेत. १९३६ साली रेडफील्ड, लिंटन आणि हर्स्कोविट्स या तीन मानवशास्त्रज्ञांनी दोन संस्कृतींच्या प्रत्यक्ष आणि दीर्घ संपर्कातून होणाऱ्या परिवर्तनाची व्याख्या मांडली. पुढे जॉन बेरी यांनी या परिवर्तनाचे चार मार्ग सांगितले : जुने राखून नवे घेणे, जुने सोडून नव्यात विरघळणे, नव्यापासून फटकून राहणे आणि दोन्हींकडून तुटणे. मद्यपानाच्या अभ्यासकांनी हाच नकाशा हाती घेतला. त्यांची उत्तरे मात्र सरळ नाहीत. अमेरिकन रीतीरिवाजांशी जवळीक वाढली की स्त्रियांचे मद्यपान वाढते, हे बऱ्याच अभ्यासांत आढळले. पुरुषांच्या बाबतीत निष्कर्ष संमिश्र राहिले. १९९८ साली विल्यम व्हेगा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कॅलिफोर्नियातील फ्रेस्नो परगण्याचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात मेक्सिकोतून स्वतः आलेल्यांपेक्षा अमेरिकेत जन्मलेल्या मेक्सिकनवंशीयांत व्यसनाचे आणि मानसिक विकारांचे प्रमाण अधिक दिसले. म्हणजे जो परका म्हणून आला तो तुलनेने सुरक्षित, आणि जो तिथलाच होऊन जन्मला तो अधिक धोक्यात. 'त्यांच्या संस्कृतीतच दारू आहे' हे सोपे स्पष्टीकरण या निष्कर्षापुढे टिकत नाही.

आपल्याकडे हे सोपे स्पष्टीकरण एका मराठीभाषक समाजाच्या बाबतीत इतके रुळले आहे, की त्याला कोणी स्पष्टीकरण मानतच नाही. तो समाज म्हणजे वसईचा ख्रिस्ती समाज. प्रस्तुत लेखात वसईच्या पश्चिम किनाऱ्यावरील भुईगाव आणि त्याच्या आसपासचा पट्टा नजरेसमोर ठेवून, या समजुतीचा इतिहास तपासण्याचा प्रयत्न आहे. 'ख्रिस्ती म्हणजे पिणारा' हे समीकरण कोणी आणि केव्हा घडवले, आणि ते अंगावर घेऊन मुंबईच्या महाविद्यालयात जाणाऱ्या मुलाचे काय होते, हा त्यातील मुख्य प्रश्न आहे.

२

प्रथम नावांविषयी. 'हिस्पॅनिक' ही ओळख १९८०च्या अमेरिकन जनगणनेत सर्व कुटुंबांना विचारली गेली. अनेक देशांचे, अनेक वर्णांचे लोक त्या एका रकान्यात बसले. आपल्याकडे त्याच्या जवळपास शंभर वर्षे आधी असेच काहीसे घडले होते. १८८७ साली, व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवाच्या वर्षी, मुंबई, साष्टी आणि वसई परिसरातील स्थानिक कॅथलिकांनी 'ईस्ट इंडियन' हे नाव धारण केले. ते पोर्तुगीज अंमलाखालच्या गोव्यातून नोकरीसाठी येणाऱ्या ख्रिस्ती लोकांपेक्षा आपण वेगळे, ब्रिटिश प्रजाजन आहोत, हे सरकारदरबारी ठसवण्यासाठी. एका नावाने पोटापाण्याची सोय पाहिली. पण त्या नावाखालची विविधता झाकली गेली ती गेलीच.

वसईत ही विविधता ठळक आहे. गास, भुईगाव, निर्मळ, नंदाखाल या भागात सामवेदी ख्रिस्ती, म्हणजेच कुपारी समाज आहे. अन्यत्र वाडवळ आहेत, किनाऱ्याला कोळी आहेत. कुपारींची कादोडी बोली सामवेदी ब्राह्मणांच्या घरांतही बोलली जाते. १५३४च्या तहाने गुजरातच्या बहादूरशहाने वसई पोर्तुगीजांना दिली आणि १७३९ साली चिमाजी अप्पांनी ती जिंकली. मधल्या दोनशे वर्षांत इथल्या लोकांचा देव बदलला, नावे बदलली. पण बोली राहिली, बागायत राहिली, लग्नातल्या अनेक रीती राहिल्या. बेरी यांच्या परिभाषेत सांगायचे, तर जुने राखून नवे घेण्याचे इतके स्पष्ट उदाहरण महाराष्ट्रात दुसरे क्वचितच सापडेल. 'सुवार्ता' मासिक, फादर फ्रान्सिस दिब्रिटो, सिसिलिया कार्व्हालो ही नावे साहित्याच्या विद्यार्थ्यांना परिचित आहेत. २०२० साली उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद दिब्रिटोंकडे आले तेव्हा झालेला विरोध आठवला, तर ख्रिस्ती मराठी माणसाकडे आपण अजूनही किती बाहेरून पाहतो हे लक्षात येईल.

आता मद्याविषयी. मद्य या किनाऱ्यावर पोर्तुगीजांनी आणले नाही. ताड, माड आणि शिंदी ही झाडे इथली, ती छेदण्याचे कसब भंडाऱ्यांचे, आणि पिणारे सर्व जातींचे : आगरी, कोळी, वारली, भंडारी आणि ख्रिस्ती. चर्चने मद्याला मनाई केली नाही, कारण मिस्सेच्या विधीत द्राक्षासव आहे आणि योहानाच्या शुभवर्तमानात काना गावच्या लग्नात पाण्याचे द्राक्षासव झाल्याची कथा आहे. झिंगण्याला मात्र पाप ठरवले. मुंबई-ठाण्याच्या ईस्ट इंडियन घरांत बारशाला 'खिमड' नावाचे मसाल्याचे गरम पेय देत. म्हणजे मद्याला जागा होती. ती दिवसाची, प्रसंगाची, पंगतीची होती. गोव्याच्या परंपरेत तर पावाचे पीठही ताडीने फुगवत.

ताडीचा स्वभाव येथे लक्षात घेतला पाहिजे. झाडावरून उतरवलेला रस सकाळी नीरा असतो. काही तासांत आंबून त्यात साधारण चार-पाच टक्के मद्यार्क येतो आणि दिवस संपेतो तो आंबट होऊ लागतो. ती साठवता येत नाही, लांब पाठवता येत नाही, लपवता तर मुळीच येत नाही. ताडावर चढलेला माणूस साऱ्या गावाला दिसतो. कोणी किती घेतले हे गावाला ठाऊक असे. या व्यवस्थेला सुवर्णयुग म्हणण्याचे कारण नाही. तिच्यातही नवऱ्याची मजुरी गाडग्यात जाणारी घरे होती, मारहाण सोसणाऱ्या बायका होत्या. पण पिणाऱ्याभोवती त्याला ओळखणारी माणसे होती, एवढे नक्की.

३

हे सारे बदलले ते आधी महसुलासाठी आणि नंतर नीतीसाठी.

१८७८चा मुंबई आबकारी कायदा हा पहिला टप्पा. झाड छेदायला परवाना, झाडागणिक कर, आणि गाळलेली दारू सरकारी देखरेखीखालच्या भट्ट्यांतून. मुंबई आणि ठाणे जिल्ह्यासाठी उरण हे मोहाच्या दारूचे मोठे केंद्र झाले. १८९२च्या मोह कायद्याने ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांत मोहाच्या फुलांवरही निर्बंध आले. जंगलातले फूल वेचून घरी ठेवणे हा संशयाचा विषय झाला. झाडावरचा कर चढत गेला तसा छेदण्याचा धंदा अनेक भंडारी कुटुंबांना परवडेना. सौम्य आणि स्थानिक पेय महाग झाले, भट्टीची कडक दारू मक्तेदाराच्या गुत्त्यात सहज मिळू लागली. सरकारच्या दृष्टीने हे सोयीचेच होते, कारण शेकडो वाड्यांतील झाडे मोजण्यापेक्षा एका भट्टीच्या दारात बसणे सोपे.

दुसरा टप्पा दारूबंदीचा. १९०८ साली टिळकांच्या प्रेरणेने पुण्यात गुत्त्यांवर निरोधन झाले, १९३०च्या सत्याग्रहात गांधीजींनी हे काम खास स्त्रियांवर सोपवले. या चळवळीमागे खऱ्या कुटुंबांचे खरे दुःख होते, हे विसरून तिची थट्टा करणे योग्य होणार नाही. १९३७च्या काँग्रेस मंत्रिमंडळाने १ ऑगस्ट १९३९ रोजी मुंबई शहरात दारूबंदी सुरू केली, ती फार काळ टिकली नाही. स्वातंत्र्यानंतर १९४९चा मुंबई दारूबंदी कायदा आला आणि ६ एप्रिल १९५० पासून सर्व मुंबई राज्यात संपूर्ण दारूबंदी झाली.

या कायद्याने पिणाऱ्यांचे जे वर्गीकरण केले ते सांस्कृतिक इतिहासाच्या दृष्टीने फार बोलके आहे. धर्मविधीसाठी लागणारे द्राक्षासव धर्मगुरूला ठेवता येई. परदेशी पाहुण्याला परमिट मिळे. प्रकृतीला मद्य आवश्यक आहे असे वैद्यकीय प्रमाणपत्र मिळवणाऱ्याला आरोग्य परमिट मिळे. बाकी सर्व गुन्हेगार. म्हणजे वेदीवरचा पाद्री, विमानाने उतरलेला साहेब आणि कागदोपत्री आजारी असलेला श्रीमंत हे तिघे कायद्यात बसले. लग्नात वाटीभर ताडी घेणारा भुईगावचा बागायतदार बसला नाही. १९५१ साली एफ. एन. बलसारा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने कायद्याचा बहुतेक भाग वैध ठरवला. मद्यार्क असलेली औषधे आणि सौंदर्यप्रसाधने यांच्यासंबंधीच्या तरतुदी मात्र रद्द झाल्या. अत्तराला दिलासा मिळाला, ताडाला मिळाला नाही.

परिणाम गणिताने समजून घेता येतो. पाच टक्क्यांच्या लिटरभर ताडीत जेवढा मद्यार्क असतो, तेवढाच आज बाजारात मिळणाऱ्या व्हिस्की-रमच्या दोन मोठ्या पेगांत असतो. ज्याला चोरून न्यायचे आहे तो लिटरभर आंबट रस का नेईल? बंदीच्या काळात सौम्य पेय मरते आणि तीव्र पेय फोफावते, हा अनुभव १९२०च्या दशकातील अमेरिकेनेही घेतला होता. मुंबईच्या खाड्या-खाजणांत हातभट्ट्या पेटल्या, सायकलच्या ट्यूबांतून आणि फुग्यांतून दारू वाहू लागली. पिण्याची रीतही बदलली. धाड पडण्याआधी, उभ्या उभ्या, एका दमात, काळोखात. आज ज्याला आरोग्यशास्त्र 'धोक्याचे मद्यपान' म्हणते, त्याची ही पाठशाळाच होती.

४

'ख्रिस्ती म्हणजे पिणारा' हे समीकरण पक्के झाले ते याच काळात. वांद्रे, माहीम, धोबीतलाव या भागांत गोवन आणि ईस्ट इंडियन बायकांनी घरातल्या खोलीत चालवलेले 'आंटीचे अड्डे' शहराच्या दंतकथेत शिरले. या बायकांमध्ये विधवा होत्या, कर्ता पुरुष गमावलेल्या होत्या. पोलिसांचे हप्ते आणि पोरांची फी एकाच पेटीतून जात असे. पिणारे गिऱ्हाईक सर्व जातिधर्मांचे होते. पण गिऱ्हाईक रात्री घरी जाऊन पुन्हा अब्रूदार होई, अड्ड्याला मात्र आंटीचे नाव राही. दारू सर्वांनी प्यायली, तिचा धर्म एकच ठरला.

हिंदी चित्रपटाने या समजुतीला चेहरे दिले. 'बॉबी' (१९७३) मधील जॅक ब्रॅगांझा, 'ज्यूली' (१९७५) मधील बाप, 'अमर अकबर अँथनी' (१९७७) मधील दारूचा अड्डा चालवणारा अँथनी. ही माणसे प्रेमळ आहेत, उदार आहेत, आणि त्यांच्या हातात बाटली आहे. द्वेषाने रंगवलेल्या प्रतिमेपेक्षा अशी लाडकी प्रतिमा झटकणे अवघड असते, कारण ती अंगावर घेणाऱ्यालाही काही काळ सुखावते. त्यातले अँथनी आणि जॅक गोव्याचे, अँग्लो-इंडियन की वसईचे, हा भेद पडद्यावर उरला नाही. १८८७ साली गोवन लोकांपासून वेगळे दिसण्यासाठी घेतलेले नाव नव्वद वर्षांनी सिनेमागृहाच्या अंधारात निरुपयोगी ठरले.

कायदा पुढे सैल झाला. १९६०च्या आणि ७०च्या दशकांत परमिटे सोपी झाली, 'परमिट रूम'च्या पाट्या लागल्या. पण झाडे छेदणारी पिढी एव्हाना संपत आली होती. बंदी शिथिल झाली तेव्हा परत आली ती बाटली. ताडीभोवतीची पंगत परत आली नाही. उरलीसुरली ताडीही भेसळीने बदनाम झाली. आणि स्वस्त दारूचा जीवघेणा धोका गेला नाही, हे जून २०१५ मध्ये मालाडच्या मालवणीत शंभरहून अधिक माणसे विषारी दारूने मेली तेव्हा पुन्हा सिद्ध झाले.

५

या पार्श्वभूमीवर महाविद्यालयात जाणारा विद्यार्थी उभा करून पाहावा. १९३६ साली विरारपर्यंत विजेची गाडी आली आणि वसईची भाजी, फुले, दूध यांच्या वाटेनेच वसईची मुले मुंबईला शिकायला जाऊ लागली. गावात प्राथमिक शिक्षण मराठीत झालेले, प्रार्थना मराठीत, घरी कादोडी. मुंबईच्या इंग्रजी वळणाच्या कॅथलिक मुलांत तो 'गावठी' ठरतो, कारण त्याचे इंग्रजी अडखळते. मराठी वाङ्मय मंडळात तो 'डिसोझा' किंवा 'लोपीस' असतो, आणि 'तुझं मराठी छान आहे हं' अशी शाबासकी त्याला आपल्याच मातृभाषेबद्दल मिळते. बेरी यांनी सांगितलेला चौथा मार्ग, दोन्हींकडून तुटण्याचा, येथून जवळ आहे.

अशा वेळी प्याला हा सर्वांत स्वस्त परवाना असतो. इंग्रजी सुधारायला वर्षे लागतात, गावठीपणाचा शिक्का पुसायला पिढी लागते. पण टेबलावर सर्वांच्या बरोबरीने, किंवा सर्वांपेक्षा एक पेग जास्त, घेता आला की आपण त्यांच्यातले होतो असे वाटते. शिवाय समोरच्यांची अपेक्षा तयार असतेच : 'तू तर ख्रिश्चन, तुला काय सवय असेल!' ज्याच्या घरी बारशाला आणि लग्नाला वडीलधाऱ्यांसमोर घोटभर मिळत असे, त्याला ही अपेक्षा नाकारणे कठीण जाते आणि तिच्याइतके पिणे त्याहून कठीण. मुलींच्या बाबतीत पेच आणखी वेगळा. घरी पुरुषांच्या मद्यपानाला जी मोकळीक, ती बायकांना कधी नव्हती. शहरात तीच गोष्ट आधुनिकतेची खूण ठरते. अमेरिकन अभ्यासांत स्त्रियांचा आलेख अधिक स्पष्ट का उमटतो, याचे एक कारण येथे दिसते. ज्यांना संस्कृतीने अधिक बांधले होते, त्यांच्यात बंधन सुटल्याची नोंद अधिक ठळक होते.

अर्थात हा पेच केवळ ख्रिस्ती मुलांचा नाही, आणि नवाही नाही. इंग्रजी शिक्षण आणि मद्य यांचे साहचर्य आपल्याकडील पहिल्या पिढीपासूनचे. कलकत्त्याच्या हिंदू कॉलेजात डिरोझिओच्या शिष्यांनी निषिद्ध खाण्यापिण्याला बंडाचे चिन्ह केले, आणि मायकेल मधुसूदन दत्तांनी १८६० साली त्याच पिढीच्या प्यालेबाज 'सभ्यते'वर प्रहसन लिहिले. मुंबईत १८४९च्या सुमारास परमहंस सभेच्या सभासदांनी ख्रिस्ती भटारखान्यातला पाव खाऊन जात मोडण्याची शपथ घेतली. बंगालात चिन्ह प्याला झाले, आपल्याकडे पाव. पण दोन्हीकडे परक्याच्या हातचे अन्न घेऊन आपण नवे होतो, ही श्रद्धा एकच.

गडकऱ्यांचे 'एकच प्याला' १९१९ साली, त्यांच्या मृत्यूनंतर, रंगभूमीवर आले. आपण ते मद्यपाननिषेधाचे नाटक म्हणून शिकवतो, आणि सिंधूच्या पातिव्रत्यावर टिपणे देतो. पण सुधाकर पहिला प्याला घेतो तो कशाने? तो गरिबीतून शिकून वर आलेला, बुद्धिमान, मानी वकील. कचेरीत अपमान होतो, सनद काही काळासाठी जाते, आणि त्या रिकाम्या, दुखावलेल्या अवस्थेत तळीराम त्याच्यासमोर प्याला धरतो. पुढे 'आर्य मदिरा मंडळ' येते. सभा, ठराव, घटना, सभासदत्व अशा सुशिक्षितांच्या सगळ्या नव्या संस्थात्मक सवयींचे ते विडंबन आहे. सुधाकराचा धर्म, जात, कुळ यांतले काहीही त्याच्या नाशाचे कारण नाही. प्रतिष्ठेला बसलेला धक्का आणि धक्का बसताच हाताशी आलेली संगत हे कारण आहे. ब्राह्मण सुधाकराच्या बाबतीत आपण मानसशास्त्र शोधतो आणि ख्रिस्ती अँथनीच्या बाबतीत संस्कृती. ही दोन मापे मराठीच्या वर्गात तरी शेजारी ठेवून पाहायला हवीत.

६

जागतिक आरोग्य संघटनेने धोक्याचे मद्यपान ओळखण्यासाठी दहा प्रश्नांची एक कसोटी तयार केली आहे. किती वेळा पिता, एका बैठकीत किती, सुरू केल्यावर थांबता येत नाही असे किती वेळा झाले, आदल्या रात्रीचे आठवत नाही असे झाले का, तुमच्यामुळे कोणाला इजा झाली का, कोणी काळजीने बोलले का. या दहांत धर्माचा प्रश्न नाही, भाषेचा नाही, आडनावाचा नाही. पुरुषाने दोनेक तासांत पाच आणि स्त्रीने चार पेये घेतली की अमेरिकन संस्था त्याला 'बिंज' म्हणते. तेथेही वंशाचा रकाना नाही. धोका मोजण्याचे माप आचरणाचे आहे.

महाराष्ट्राच्या २०११च्या व्यसनमुक्ती धोरणाने कडक मद्यासाठी पंचवीस वर्षे आणि बिअर-वाइनसाठी एकवीस वर्षे ही वयोमर्यादा घातली. म्हणजे पदवीच्या वर्गातला जवळपास प्रत्येक पिणारा विद्यार्थी कायद्याच्या दृष्टीने लपून पिणारा आहे. १९५०च्या दशकाने शिकवलेली उभ्या उभ्या, एका दमात, काळोखात पिण्याची रीत त्याच्यापर्यंत अशी पोचली आहे. त्याला मदत मागायची असेल, तर आधी गुन्हा कबूल करावा लागतो. आणि तो वसईचा ख्रिस्ती असेल, तर त्याची मदतीची हाक हाक म्हणून ऐकलीच जात नाही. 'यांच्यात चालतंच' असे म्हणून आपण पुढे जातो. समजुतीने झालेली सर्वांत मोठी हानी ही आहे. बदनामी सोसता येते. पण ज्याचे बुडणे स्वाभाविक मानले जाते, त्याच्याकडे दोर कोणी फेकत नाही.

इकडे किनाऱ्यावर प्रवाह उलटा झाला आहे. शनिवार-रविवारी शहर भुईगाव, राजोडी, कळंबच्या समुद्रावर येते. काहींच्या गाडीत बाटल्या असतात, आणि ख्रिस्ती गाव म्हणजे पिण्याला मोकळीक हे गृहीत असते. संध्याकाळी सुरूच्या बनात पडलेल्या काचा वेचायच्या त्या गावानेच. ताडाची उरलेली झाडे तेथून दिसतात. त्यांना आता क्वचितच कोणी गाडगे बांधते.

आपण साहित्य शिकवणारी माणसे व्यसनमुक्तीचे तज्ज्ञ नाही, आणि तसा आव आणू नये. पण शब्दांचा इतिहास सांगणे हे आपले काम आहे. 'परमिट', 'आंटी', 'गावठी', 'ईस्ट इंडियन' हे शब्द कोणी कोणासाठी घडवले, हे वर्गात सांगता येते. ते ऐकताना मागच्या बाकावरच्या एखाद्या लोपीसला किंवा पाटलाला एवढे कळले, की आपल्याकडून अपेक्षिलेला प्याला आपल्या रक्तातून आलेला नाही, १८७८ आणि १९४९च्या कायद्यांतून आणि सिनेमाच्या पडद्यावरून आला आहे, तर तो नाकारण्याचे किंवा घेतल्यास बेताने घेण्याचे स्वातंत्र्य त्याला थोडे अधिक मिळेल.